मामाच्या पेटीतली पॉकेटबुकं: प्रत्येक कव्हरवर तीच उजेडाची खिडकी कशी काय?

महालकर (रविवार, दुपारी ३.१०)

राम राम मंडळी. इतके दिवस नुसता वाचनमात्र होतो, आज पहिला धागा काढतोय कारण घरात ऐकणारं कोणी उरलं नाही, बायको म्हणाली जे काय आहे ते तिकडे जाऊन लिहा.

तर नागपूरच्या महाल भागातला मामांचा वाडा पाडायला निघालाय आणि माळ्यावरच्या दोन पत्र्याच्या पेट्या माझ्या वाट्याला आल्या (बाकी भावंडांनी पितळी भांडी घेतली, शहाणी आहेत). मामा साउथ ईस्टर्न रेल्वेत गार्ड होते, ड्यूटी गोंदिया-डोंगरगड इकडची, पण पास मिळाला की हावडा गाठायचे आणि कॉलेज स्ट्रीटच्या फुटपाथवरून पिशवी भरून इंग्रजी पॉकेटबुकं आणायचे. शिवाय बाबूराव अर्नाळकरांच्या मराठी रहस्यकथा, शिवाय हिंदीतली एक रुपयावाली. सगळी मिळून ११३ निघाली. मामी प्रत्येकाला पेपरचं कव्हर घालायची, म्हणजे मामा बाहेरच्या खोलीत बसून काय वाचतायत ते येणाऱ्याजाणाऱ्याला दिसू नये, आणि त्या एका कारणानं आतले रंग अजून असे आहेत की काल छापल्यासारखे.

काल दुपारी हॉलमध्ये सतरंजी टाकली, सगळ्यांचे पेपर काढले आणि मांडून बसलो. कूलर बंद करावा लागला, नाहीतर पानं उडतात, त्यामुळे घामाघूम. आधी लेखकांप्रमाणे लावत होतो, मग कंटाळा आला आणि सहज चित्रांप्रमाणे ढीग करायला लागलो, आणि तिथून पुढे जे झालं त्यामुळे रात्री जेवायला दहा वाजले.

पहिला ढीग खिडकीचा. अंधारं घर, वर एकच खिडकी पिवळी. १९ पुस्तकं! लेखक वेगळे, प्रकाशक वेगळे, काही अमेरिकन काही इंग्लिश, तीन हिंदी, दोन मराठी, पण खिडकी तीच. दुसरा ढीग दाराचा, दार अर्धं उघडं, आतून उजेडाचा पट्टा बाहेर फरशीवर, दारात कोणाची तरी सावली. तिसरा, झडपांच्या पट्ट्यांची सावली बाईच्या तोंडावर किंवा भिंतीवर. चौथ्याला मी 'टांगेखालचं' नाव दिलंय, म्हणजे पुढे एका माणसाचे फक्त पाय, फाकवून उभा, आणि त्या दोन पायांच्या मधून पलीकडे पडलेला किंवा घाबरलेला दुसरा माणूस दिसतो. असे सात निघाले, मला वाटलं होतं हे सिनेमाच्या पोस्टरवाल्यांनी काढलेलं आहे. पाचवा कुलपाच्या भोकाचा. सहावा नुसता हात, कुठूनतरी आलेला, धड नाहीच. बाकी सिगरेट, पिस्तूल, कवटी हे सगळ्यातच आहे, त्याचा वेगळा ढीग करण्यात अर्थ नाही, ते म्हणजे भाजीत मीठ.

आता माझा प्रश्न. चित्रकार आळशी होते असं म्हणून विषय संपवता येतो, पण चित्रं बघितली तर आळशी माणसाची नाहीत, एकेकाचा हात असा आहे की बघत राहावं. मग हीच ती चार-पाच चित्रं पुन्हा पुन्हा का? आणि हावड्याच्या फुटपाथवरच्या अमेरिकन पुस्तकावर आणि सीताबर्डीवरून घेतलेल्या मराठी पुस्तकावर एकच खिडकी कशी? जाणकारांनी उजेड टाकावा (खिडकीतून टाकला तरी चालेल).

---

वऱ्हाडी_ठेचा (दुपारी ३.२२)

फोटो टाका ना भाऊ, एवढं रामायण सांगितलं अन् सीताच दाखवून नाही राहिले. आणि चौथ्या ढिगाचे आधी टाका.

---

महालकर (दुपारी ३.४०)

टाकतो, मोबाइलवर काढले की चमक येते त्या जुन्या लॅमिनेशनवर. संध्याकाळी गच्चीवर नेऊन काढतो.

---

निशिगंधा (दुपारी ४.०५)

अहो काय ऐवज सापडलाय तुम्हाला! मी या खिडकीवाल्या पुस्तकांची जुनी रोगी आहे. १९ मध्ये किती पुस्तकांवर बाई पळतेय ते मोजा. मागे वाडा किंवा किल्ला, वर एक खिडकी उजेडाची, पुढे बाई झुळझुळीत गाऊनमध्ये पळत येतेय आणि मान वळवून मागे बघतेय. हा अख्खा प्रकारच होता, गॉथिक रोमान्स, १९६० नंतर अमेरिकेत त्याची लाट आली आणि ती दहा-बारा वर्षं टिकली. एस नावाची कंपनी त्यात पुढे होती. गोष्ट साधारण अशी की नवीन लग्न झालेली किंवा नोकरीला आलेली मुलगी, मोठं घर, गप्प गप्प मालक, आणि घराला काहीतरी गुपित. त्या लाटेत खिडकी इतकी ठरून गेली की गाऊनचा रंग बदलेल, झाड बदलेल, पण खिडकी एकच आणि उजेड पिवळाच. दोन खिडक्या उजेडाच्या असल्या की ते घर नांदतं वाटतं हो, भीती जाते. एकच असली की कोणीतरी जागं आहे आणि ते कोण हे माहीत नाही.

हे मला आमच्या आजीच्या घरी कळलं. लोडशेडिंगमध्ये शेजारच्या वाड्यात एकाच खोलीत कंदील दिसायचा, तो दिसला की आम्ही पोरं मागच्या अंगणात जायचो नाही, आणि सगळीकडे लाइट असले की तेच अंगण काहीच नाही.

---

ऑफसेटवाला (संध्याकाळी ५.३०)

३१ वर्षं छपाईत काढली, म्हणून दोन पैशाचं ज्ञान देतो.

तुम्ही सगळे चित्राचा अर्थ काढून राहिले, मी मशीनवरचं सांगतो. आपल्याकडे ऑफसेट छपाई सगळीकडे पोचायच्या आधी कव्हर ब्लॉकवर, म्हणजे धातूच्या ठशांवर, छापायचे. प्रत्येक रंगाचा वेगळा ब्लॉक, कागद तेवढ्या वेळा मशीनमधून जाणार, आणि दरवेळी केसभर इकडेतिकडे झालं की रजिस्टर, म्हणजे रंगावर रंग बसणं, सरकलं. मग हिरोच्या ओठाची लाली गालावर जाते आणि गिऱ्हाईक हसते. स्वस्तातलं पुस्तक, रंगांना पैसे नाहीत, तर काय करायचं? काळा आणि पिवळा. आधी पिवळा ठोकायचा, वरून काळा, आणि काळ्या ब्लॉकमध्ये जिथं खिडकी पाहिजे तिथं जागा मोकळी सोडायची. झाली खिडकी उजेडाची. काळ्यात सगळे पाप झाकले जातात, रजिस्टर सरकलं तरी खिडकी थोडी वाकडी दिसते, भुताचं घर आहे, वाकडीच पाहिजे. तिसरा रंग परवडला तर लाल. तो बाईच्या साडीला किंवा रक्ताला, दोन्हीला एकच ब्लॉक. म्हणून तुमच्या मराठी-हिंदी पुस्तकात जिथं रक्त आहे तिथं साडी पण लालच असेल, बघून घ्या.

माझ्या पहिल्या मालकाचं वाक्य होतं, रात्र छापायला सोपी, दिवस छापायला महाग. दिवस म्हटला की आकाश आलं, आकाशाला निळ्याच्या छटा आल्या, चेहरा आला, कातडीचा रंग आला, आणि कातडीचा रंग चारही ब्लॉकवर बरोबर बसवणं म्हणजे काय ते ज्यानं केलं त्यालाच माहीत.

---

महालकर (संध्याकाळी ६.१५)

ऑफसेटवाले, एक नंबर माहिती! आत्ता उठून बघितलं, लाल साडी आणि लाल रक्त, पाचपैकी चार पुस्तकांत. पाचव्यात रक्तच नाही.

पण एक शंका. अमेरिकन पुस्तकं तर चार रंगांत धडाक्यात छापलेली आहेत, त्यांना पैशाची अडचण नव्हती, मग त्यांची रात्र कशासाठी? माझ्याकडे डेल कंपनीची नऊ आहेत, १९४३ पासूनच्या काळातली. त्यांच्या तर शिक्क्यातच कुलपाचं भोक आणि त्यातून बघणारा डोळा आहे, म्हणजे कव्हरवर चित्र काहीही असो, कोपऱ्यात कोणीतरी डोकावतंच आहे. आणि मागच्या बाजूला नकाशा! खून झाला त्या घराचा किंवा गावाचा, जिना कुठे, प्रेत कुठे, बाग कुठे. मामांनी एका नकाशावर पेन्सिलनं खुणा केल्यात, खुनी कुठून आला असेल त्याचा बाण काढलाय, मग तो खोडून दुसरीकडून काढलाय. गार्ड माणूस, ब्रेकव्हॅनमध्ये बसून रात्रभर हेच करत असणार.

---

अनुस्वार (संध्याकाळी ६.५०)

मॅपबॅक म्हणतात त्या पुस्तकांना, साधारण १९५० नंतर बंद पडत गेली. नकाशे बरेचसे रुथ बेल्यू नावाच्या बाईंनी काढलेले, दीडशेच्या वर. नीट जपा, रद्दीत देऊ नका.

---

गोधनी_पॅसेंजर (संध्याकाळी ७.२०)

धागा आवडला. मला वाटतं उत्तर स्टॉलवर आहे, प्रेसमध्येही नाही आणि गोष्टीतही नाही.

पॉकेटबुक हे दुकानात जाऊन विचारून घ्यायचं पुस्तक नव्हतंच. अमेरिकेत पॉकेट बुक्स कंपनी १९३९ ला निघाली, २५ सेंटला पुस्तक, आणि ते विकलं जायचं औषधाच्या दुकानात, सिगरेटच्या ठेल्यावर, स्टेशनवर, तारेच्या फिरत्या रॅकमध्ये. मासिकं वाटणारेच ही पुस्तकं वाटायचे. म्हणजे गिऱ्हाईक चालत येतंय, थांबलेलं नाही, हातात पिशवी आहे, गाडी सुटायला चार मिनिटं आहेत, आणि समोर दोनशे पुस्तकं एकावर एक अशी लावलेली की प्रत्येकाचा वरचा तिसरा हिस्साच दिसतो. आता तुम्ही चित्रकार असाल तर काय कराल? वर नाव ठसठशीत, त्याखाली चेहरा किंवा खिडकी, आणि ओळखीची खूण. खिडकी दिसली की भीतीची गोष्ट, पट्ट्यांची सावली दिसली की शहरातली भानगड. गिऱ्हाइकाला नवीन पाहिजे असतं हा गैरसमज आहे, त्याला मागच्या वेळी आवडलं होतं तेच पाहिजे असतं, फक्त न वाचलेलं. आपण टपरीवर तर्री-पोहे मागतो तेव्हा आज काही वेगळं करा म्हणतो का?

रंगाचंही तसंच. इंग्लंडात पेंग्विननं १९३५ ला चित्राला फाटाच दिला, नुसते रंग ठेवले. कादंबरी संत्र्याच्या रंगाची (यावर नागपुरानं हक्क सांगायला पाहिजे खरं तर), रहस्यकथा हिरवी, चरित्र निळं. लांबून रंग दिसला की गिऱ्हाइकाला कळलं. इटलीत १९२९ पासून मोन्दादोरी प्रकाशनानं रहस्यकथा पिवळ्या कव्हरात काढल्या आणि ते इतकं रुजलं की तिकडे रहस्यकथेला शब्दच 'पिवळा' झाला, ज्यालो. फ्रान्समध्ये १९४५ ला गालिमार प्रकाशनाची रहस्यकथांची मालिका निघाली, ती काळी आणि पिवळी. काळी आणि पिवळी! आपल्याला हे कोणी समजवायची गरज नाही, तान्ह्या पोळ्याला मारबतींच्या पुतळ्यांची मिरवणूक बघायला इतवारीत उभा राहिलेला कोणताही पोट्टा सांगेल, लांबून पिवळं दिसलं की पिवळी मारबत, काळं दिसलं की काळी, जवळ जाऊन चेहरा बघावा लागत नाही. ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!

---

वऱ्हाडी_ठेचा (संध्याकाळी ७.३१)

मारबतीवर आणून सोडलं बाप्पा. मानलं.

---

अनुस्वार (रात्री ८.१०)

गोधनी यांच्याशी बराचसा सहमत, पण ओळखीची खूण म्हणजे चित्रकाराला काही कामच नव्हतं असा अर्थ निघतो, तो मला मान्य नाही.

रॉबर्ट मॅकगिनिसचं उदाहरण घ्या. हा माणूस २०२५ मध्ये ९९ वर्षांचा होऊन गेला, बाराशेच्या वर कव्हरं केली, जेम्स बॉण्डच्या सिनेमांची पोस्टरं केली. त्याच्याकडे पण तीच सामुग्री, बाई, पिस्तूल, खुर्ची, पडदा. पण बाई अशी लांबच लांब, निवांत, आणि नजर तुमच्यावर रोखलेली. कव्हरवरचं नाव झाकलं तरी कळतं मॅकगिनिस आहे. उलट जेम्स अवाती घ्या, सिग्नेट प्रकाशनासाठी काम करायचा. त्याचे पोपडे आलेले दरवाजे, ओसरीवर बसलेली दमलेली माणसं, दारात उभी असलेली बाई, तेच अर्धं उघडं दार पण तिथं भीती नाही, गरिबी आहे. आणि बॅलन्टाइनची विज्ञानकथांची कव्हरं १९५३ पासून रिचर्ड पॉवर्स करायचा, त्यानं तर रॉकेट आणि राक्षस सोडून स्वप्नातल्यासारखे अधांतरी आकार काढले आणि ती पण खपली. म्हणजे गिऱ्हाईक तेवढं बावळट नव्हतं.

आणखी एक. माणसं पुन्हा पुन्हा तीच दिसतात त्याचं साधं कारण म्हणजे ती खरंच तीच असायची. चित्रकार मॉडेल उभा करून फोटो काढायचे आणि त्यावरून रंगवायचे. स्टीव्ह हॉलंड नावाचा एकच मॉडेल शेकडो कव्हरांवर आहे, कधी डिटेक्टिव्ह, कधी काउबॉय, कधी सैनिक. तुमच्या ढिगात एकच जबडा चार पुस्तकांवर दिसला तर दचकू नका.

---

महालकर (रात्री ९.४५)

जबडा दिसला! दोन पुस्तकांवर नक्की, तिसऱ्यावर टोपी आहे. मुलीनं शोधला, तिला आता यात मजा यायला लागलीय, उद्या पेपर आहे तिचा आणि बायको माझ्याकडे बघून राहिली.

तुमचं सगळ्यांचं वाचून एक गोष्ट सुचली. खिडकी, अर्धं दार, कुलपाचं भोक, पट्ट्या, टांगेखालचं, हे पाच ढीग मी वेगळे केले होते पण ते एकच आहेत. प्रत्येकात चौकटीच्या आत अजून एक चौकट आहे, आणि उजेड आतल्या चौकटीत आहे. बघणारा बाहेर अंधारात. आता गोधनी म्हणतात तसा स्टॉलसमोर उभा असलेला माणूस घ्या, तो पण बाहेरच उभा आहे की. चार बाय सात इंचाचं कव्हर म्हणजे तीच खिडकी, आत काहीतरी चाललंय, पैसे द्या आणि आत या. दिवसाचं चित्र काढलं, सगळं लख्ख दाखवलं, तर मग पुस्तक कशाला घ्यायचं.

---

निशिगंधा (रात्री १०.२०)

महालकर, छान लिहिलंत, पण अर्धंच. तुमचा बघणारा पुरुष आहे!

गुन्ह्यांच्या पुस्तकांत बाई खिडकीच्या आत आणि बघणारा बाहेर, बरोबर. पण गॉथिकवाल्या घ्या परत हातात. तिथं बाई बाहेर आहे, घराच्याही पुढे, घरापेक्षा मोठी, आणि खिडकी तिच्या पाठीशी. ती खिडकीतून बाहेर पडून आपल्याकडे येतेय. कारण ती पुस्तकं घेणाऱ्या बाया होत्या. खिडकी तीच, रंग तोच, फक्त बाई कुठल्या बाजूला उभी केली त्यावरून कळतं की पैसे कोणाच्या पाकिटातून येणार होते. एकात तिला बघायला बोलावलंय, दुसऱ्यात तिच्याबरोबर पळायला.

---

वऱ्हाडी_ठेचा (रात्री १०.३३)

पळते तर चप्पल घालून काहून नाही पळत? प्रत्येक कव्हरवर अनवाणी. काट्याकुट्यातून. आमच्याइकडे बाभळीचा एक काटा गेला असता तर पुस्तक पहिल्या पानावर संपलं असतं.

---

निशिगंधा (रात्री १०.४०)

😂 या प्रश्नाचं उत्तर आजवर कोणी दिलेलं नाही.

---

जुना_दिवाळी_अंक (रात्री ११.१५)

धाग्यात मराठीला कोणी वालीच नाही की काय? अर्नाळकरांच्या पुस्तकांचा उल्लेख करून महालकर अमेरिकेला निघून गेले ते गेलेच.

बाबूराव अर्नाळकर, हजाराच्या वर रहस्यकथा, झुंजार आणि काळापहाड हे त्यांचे नायक. त्यातल्या कितीतरी कव्हरांवर रघुवीर मुळगावकरांचा हात आहे. तेच मुळगावकर, ज्यांची लक्ष्मी आणि राम-सीता कॅलेंडरवर घराघरात लागलेली असायची. मूळचे गोव्याचे, १९१८ ते १९७६. स्प्रेनं काम करायचे, म्हणून त्यांच्या चित्रात गालावर कुठे रेघ नाही, सावली अशी धुरासारखी विरत जाते. आता गंमत बघा, डेलच्या कव्हरांचा गेराल्ड ग्रेग पण एअरब्रशवालाच. दोघांनी एकमेकांचं नावही ऐकलेलं नसेल, पण गुळगुळीत अंधार काढायला दोघांच्या हातात एकच हत्यार. ऑफसेटवाले जास्त सांगतील, पण माझ्या समजुतीप्रमाणे स्प्रेची विरत जाणारी छटा ब्लॉकच्या ठिपक्यांत फार छान उतरायची.

चित्रकार दीनानाथ दलालांचं वेगळं, तिथं रेषा बोलते. १९४५ ला त्यांनी 'दीपावली' हा अंक काढला. दलालांची बाई पळत नाही, ती उभी असते आणि तुम्हीच थांबता.

आणि हॅट-ओव्हरकोट! आपले डिटेक्टिव्ह गिरगावात आणि दादरला फिरणार, पण कव्हरवर कॉलर वर केलेला ओव्हरकोट. तो कोट हॉलिवुडच्या पोस्टरवरून आला आणि गेलाच नाही. झुंजार मे महिन्यात नागपूरला आला असता तर व्हरायटी चौकात चक्कर येऊन पडला असता.

---

ऑफसेटवाला (रात्री ११.४०)

जुना अंक, बरोबर आहे. स्प्रेचं चित्र आलं की ब्लॉकमेकर खूश. ब्रशचे फटकारे असले की ठिपक्यांच्या जाळीत ते मळल्यासारखे येत. फक्त मास्क कापणं किचकट, स्प्रे मारायच्या आधी जिथं रंग नको तिथं कागद कापून लावायचा. एक हात हलला की झुंजारला मिशी येते.

---

गोधनी_पॅसेंजर (सोमवार, सकाळी ९.०५)

हिंदीचं पण सांगा कोणीतरी, आपल्या नागपुरात १९५६ पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी होती, घराघरात दोन्ही भाषा वाचल्या जायच्या. महालकरांच्या एक रुपयावाल्या म्हणजे बहुतेक हिंद पॉकेट बुक्स, दिल्ली, १९५८ पासूनच्या. घरपोच पुस्तकांची घरेलू लायब्ररी योजना त्यांचीच. आणि अलाहाबादचे इब्ने सफी, १९५२ पासून त्यांची जासूसी दुनिया मालिका, त्यातला डिटेक्टिव्ह उर्दूत फरीदी तो हिंदीत आला की विनोद व्हायचा, त्याचा साथीदार हमीद मात्र हमीदच. आमच्या वडिलांना हे दोन वेगळे डिटेक्टिव्ह वाटायचे कित्येक वर्षं.

---

अनुस्वार (सकाळी ९.५०)

पेपरचं कव्हर घालणाऱ्या मामींवरून आठवलं. अमेरिकेत १९५२ ला संसदेनं समितीच बसवली होती, गॅदिंग्ज समिती, स्वस्त पुस्तकं आणि मासिकं समाजाला बिघडवतात का ते बघायला, आणि कव्हरांवर त्यांचा विशेष राग. कित्येक चांगल्या कादंबऱ्यांना पण खांद्यावरून पट्टा घसरलेली बाई चिकटवलेली असायची, जिचा आतल्या गोष्टीशी संबंध नाही. आपल्याकडे चंद्रकांत काकोडकरांच्या 'श्यामा'वर खटला झाला, ती १९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकात आली होती. हायकोर्टानं दोषी ठरवलं, मग १९६९ ला सुप्रीम कोर्टानं सोडवलं. अर्थात तो खटला मजकुरावर होता, चित्रावर नाही. मामींनी समिती-बिमिती न बसवता एका पेपरात काम केलं.

---

महालकर (सकाळी ११.३०)

मामींचा विषय निघालाच आहे तर एक घरातलं सांगतो, ऑफिसातून लिहितोय, चुका पोटात घाला.

११३ पैकी पाच पुस्तकांना पुढचं कव्हरच नाही. पाचही अमेरिकन. फाटलेलं म्हणावं तर इतकं सरळ, शिवणीला धरून काढलेलं. आमच्या घरात ही जुनी केस आहे. मामा शेवटपर्यंत म्हणायचे की हिनंच फाडली, नको ती चित्रं होती म्हणून. मामी म्हणायची मी हात लावला नाही. मामा जाऊन बारा वर्षं झाली, मामी ८४ ची आहे, आणि अजूनही कोणी पुस्तकाचं नाव काढलं की तिचा चेहरा बदलतो.

---

ऑफसेटवाला (सकाळी ११.५२)

महालकर, मामींची माफी मागा. धंद्यात असतं हे. अमेरिकेत न खपलेलं पॉकेटबुक परत पाठवायला भाडं परवडत नाही, म्हणून विक्रेता नुसतं पुढचं कव्हर फाडून परत पाठवतो आणि त्यावर पैसे वळते होतात. उरलेलं पुस्तक रद्दी करायचं असा नियम, पण लोक ते बिनकव्हरचं पुस्तक गुपचूप स्वस्तात विकायचे. शिवणीला धरून सरळ काढलंय म्हणता ना? रागानं फाडलेलं तिरकं फाटतं.

---

निशिगंधा (दुपारी १२.०१)

अरे देवा. इतकी वर्षं बिचाऱ्या ऐकून घेत होत्या! आजच्या आज जा आणि सांगा त्यांना.

---

वऱ्हाडी_ठेचा (दुपारी १२.१०)

जाताना संत्रा बर्फी घेऊन जा. नुसती माहिती घेऊन नको जाऊ.

---

महालकर (रात्री ९.२०)

जाऊन आलो. बर्फी नेली होती.

मामीला सगळं समजावून सांगितलं, अमेरिका, विक्रेता, भाडं, कव्हर परत. ती ऐकत होती, मध्ये दोनदा म्हणाली "हो का". मला वाटलं आता डोळ्यात पाणी येईल. तर म्हणाली, "चार त्यांनी फाडली असतील. एक मी फाडलं."

मी म्हटलं काय? तर उठली, देवाच्या कपाटातून लोणच्या-मसाल्यांची वही काढली, त्या जुन्या पाठकोऱ्या कागदांच्या, शिवलेल्या असतात तशी. तिच्या मधोमध ते कव्हर. घडी पडलेली नाही. अंधारं घर, वर एक खिडकी पिवळी, आणि पुढे बाई पळतेय, हिरवा गाऊन, अनवाणी (ठेचा, नोंद घ्या). विचारलं, मग मामांना का नाही सांगितलं, तर म्हणाली, "त्यांनी विचारलंच नाही, त्यांनी ठरवलं." आणि फाडलं कशाला विचारलं तर वही परत घेतली हातातून, ते कव्हर आंब्याच्या लोणच्याच्या पानावर नीट ठेवलं आणि म्हणाली, "आवडली होती मला ती. कुठं चाललीय एवढी पळत, ते वाचून सांगा म्हटलं तर हे म्हणाले तुला काय कळणार इंग्रजीतलं."

ते बिनकव्हरचं पुस्तक माझ्याकडच्या पाचांतलं कोणतं ते बघून ठेवलंय, फाटल्याची कड जरा तिरकी आहे एकाची. उद्यापासून संध्याकाळी जाऊन वाचून दाखवतोय, मराठीत सांगत सांगत. २०६ पानं आहेत. फोटो तिनं काढू दिला नाही.

---

वऱ्हाडी_ठेचा (रात्री ९.२६)

शेवट इथं टाकजा भाऊ. आम्ही पण बसून आहोत.